पंखा नाही, मोटर नाही, मग वारा येतो कुठून?

वाचकांचे प्रश्न: सोलापूर विशेष

फॉइलचा त्रिकोण हवेत तरंगतोय असे व्हिडिओ सध्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतायत आणि त्यावर सोलापुरातून एवढे प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. प्रश्न थोडे कापलेत. नावं छापत नाही, पत्ता तेवढा ठेवलाय.

प्रश्न: व्हिडिओत चांदीच्या कागदाचा त्रिकोण आहे, त्याला दोन वायरी लावल्यात, पंखा नाही, मोटर नाही, आणि तो टेबलावरून सरळ वर उचलला जातो. खाली लिहिलंय अँटिग्रॅव्हिटी. आमचे सर म्हणतात फेक आहे, मित्र म्हणतो हे तंत्रज्ञान दाबून ठेवलंय. खरं काय? — अकरावी सायन्स, जुळे सोलापूर

उत्तर: दोघांचंही अर्धं अर्धं चुकतंय. व्हिडिओ बहुतेक खरा असतो, त्याच्यावर चिकटवलेलं नाव खोटं असतं.

या खेळण्याला लिफ्टर म्हणतात. वर केसासारखी बारीक उघडी तार, तिच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची उभी पट्टी, दोन्ही हलक्या काड्यांच्या चौकटीवर ताणलेल्या आणि दोघींमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्ट डीसी. बास, एवढंच. तार बारीक असली की तिच्या अगदी लगत विद्युत क्षेत्र प्रचंड वाढतं आणि तिथली हवा फुटते, म्हणजे नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मागे आयन, म्हणजे चार्ज असलेले रेणू, उरतात. खोलीत अंधार केला तर तारेभोवती जांभळट उजेडाचं पातळ कवच दिसतं, बारीक सूं असा आवाज येतो. हा कोरोना डिस्चार्ज. तार पॉझिटिव्ह असेल तर पॉझिटिव्ह आयन तारेपासून दूर, फॉइलकडे पळत सुटतात. आता असं समजा की गड्ड्याच्या जत्रेत ऐन गर्दीत एखादा पोरगा आंधळा होऊन एका दिशेला पळत सुटलाय, तो स्वतः फार लांब जात नाही पण ज्याला त्याला धक्का देत जातो आणि थोड्या वेळात आख्खी गर्दीच त्या बाजूला सरकायला लागते. आयनांचं तेच चालतं, मोजके आयन आणि त्यांच्या मधे आलेले कोट्यवधी साधे रेणू. ती गर्दी सरकली की झाला वारा. हवा खाली ढकलली जाते म्हणून चौकट वर ढकलली जाते, न्यूटनचा तिसरा नियम, जो तुम्ही नववीतच पाठ केलाय.

हा वारा काही नवा नाही, फ्रान्सिस हॉक्सबीने घासून चार्ज केलेल्या काचेच्या नळीजवळ वाऱ्याची झुळूक जाणवते असं 1709 मध्येच लिहून ठेवलंय. अँटिग्रॅव्हिटीचं प्रकरण विसाव्या शतकातलं. अमेरिकेतल्या टॉमस टाऊनसेंड ब्राऊनला 1920 च्या दशकात हा धक्का दिसला, त्याला वाटलं आपण गुरुत्वाकर्षणालाच हात घातलाय, आणि 1928 मध्ये त्याने ब्रिटनमध्ये त्यावर पेटंटही मिळवलं. त्याच्या आणि प्राध्यापक बीफेल्डच्या नावाने तो परिणाम अजून ओळखला जातो. पण गुरुत्वाकर्षणाचा संबंध असता तर यंत्र कसंही धरलं तरी जोर वरच लागला असता. लिफ्टर आडवा धरला तर तो आडवा ओढतो, उलटा धरला तर खाली दाबतो. जोर कायम फॉइलकडून तारेच्या दिशेला. आणि चांगल्या व्हॅक्यूममध्ये ठेवला की मग जोरच गायब, कारण ढकलायला हवाच नाही. ब्राऊनच्या मागून अलेक्झांडर डी सेव्हर्स्की आला, त्याने मात्र हवा ढकलूनच उडायचं हे सरळ मान्य केलं आणि 1964 मध्ये आयनोक्राफ्ट नावाने अमेरिकन पेटंट घेतलं. त्यात दाबून ठेवण्यासारखं काही नाही हो, पेटंट म्हणजे छापून जगाला दाखवलेला कागद.

एक गंमत सरांना विचारा. तार पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह केली तर वारा उलटा वाहील का? नाही वाहणार. आयन कुठल्याही चार्जचे असोत, जन्मतात तारेपाशी आणि जातात फॉइलकडे.

प्रश्न: इंजिनिअरिंगला आहे. लिफ्टर उडतो हे कळलं, पण किती वजन उचलतो याचं गणित कुठे सापडेना. आणि हे मोठं करून माणूस का उडवत नाहीत? — होटगी रोड

उत्तर: गणित एका ओळीचं आहे आणि त्या एका ओळीत सगळी आशा पण आहे आणि सगळी निराशा पण आहे. जोर म्हणजे करंट गुणिले तार-फॉइलमधलं अंतर, भागिले आयनांची मोबिलिटी, म्हणजे तेवढ्याच विद्युत क्षेत्रात आयन हवेतून किती वेगाने सरकतो तो आकडा. हवेत मोबिलिटी साधारण 0.0002 चौरस मीटर प्रति व्होल्ट-सेकंद धरा. आता अर्धा मिलिअँपिअर करंट आणि तीन सेंटिमीटर अंतर घ्या, जोर येतो 0.075 न्यूटन, म्हणजे साडेसात ग्रॅम. चौकट चार-पाच ग्रॅमची असेल तर उचलली जाणार. व्होल्टेज 25,000 असेल तर पॉवर लागली साडेबारा वॉट. वॉटमागे 0.6 ग्रॅम. लहान ड्रोनचे पंखे वॉटमागे पाच-सात ग्रॅम सहज उचलतात, म्हणजे आपण जवळपास दहापट महाग पडलो.

असं का होतं हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच व्होल्टेज वाढवत सुटतात. पंचवीस हजार व्होल्ट तीन सेंटिमीटरवर लावले की आयन सेकंदाला सुमारे 165 मीटरने पळतो. एवढ्या जोरात पळून तो ज्या हवेला धक्का देतो ती मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटरने सरकते. मधली सगळी ताकद टकरांमध्ये उष्णता होऊन जाते. सूत्र थोडं फिरवलं तर दर वॉटमागचा जोर म्हणजे एक भागिले आयनांचा वेग, म्हणजे आयन जितका जोरात पळवाल तितका प्रत्येक ग्रॅम महाग. हळू पळवा, स्वस्त पडतं, पण मग करंट इतका कमी होतो की एकूण जोरच उरत नाही. आणि करंट हवा तेवढा वाढवता येत नाही, कारण तारेभोवती आधीच जमलेले आयन मागून येणाऱ्यांना अडवतात आणि ताण फार झाला की थेट स्पार्क पडतो. सपाट पृष्ठभागांमध्ये हवा सेंटिमीटरला सुमारे 30,000 व्होल्टवर फुटते, तीही समुद्रसपाटीवर आणि नॉर्मल तापमानाला. आपलं सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर, वर एप्रिल-मेचा 42-43 डिग्रीचा पारा, हवा विरळ झाली की ती आणखी लवकर फुटते. पुस्तकातला आकडा इथे दुपारी तसाच मिळणार नाही.

आता माणूस. सत्तर किलोला वॉटमागे 0.6 ग्रॅमने भाग द्या, सव्वाशेच्या जरा खाली, सुमारे 117 किलोवॅट येतात. पंचवीस हजार व्होल्टला म्हणजे साडेचार अँपिअरच्या वर. तारेच्या मीटरमागे एक मिलिअँपिअर धरला तर साडेचार किलोमीटर तार, आणि त्यात चौकटीचं, सप्लायचं, बॅटरीचं वजन अजून धरलेलंच नाही. बसवा गणित.

तरीपण हा विषय मोडीत काढू नका. स्टीव्हन बॅरेट आणि त्यांच्या टीमने अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात पाच मीटर पंखांचं, जवळपास अडीच किलोचं विमान बनवलं, पंखाखाली अशाच बारीक तारा आणि त्यांच्यामागे फॉइल लावलेल्या पातळ पट्ट्या, तारांना अधिक 20,000 आणि पट्ट्यांना उणे 20,000 व्होल्ट. ते एका बंदिस्त हॉलमध्ये साठ मीटरच्या आसपास सरळ उडालं, एकही फिरणारा भाग नसताना, आणि 2018 च्या नोव्हेंबरमध्ये त्यावरचा पेपर नेचर या विज्ञान नियतकालिकात आला. त्यांनी केलेली हुशारी बघा, आयन वाऱ्यावर वजन उचललंच नाही, वजन पंखांनी उचललं, वाऱ्याने फक्त पुढे ढकललं. त्यांचा जोर होता तीन न्यूटनच्या थोडा वर, किलोवॅटला पाच न्यूटन. आपलं वरचं सूत्र किलोवॅटला सहा सांगतंय, म्हणजे गणित प्रत्यक्षाच्या अगदी शेजारी येऊन बसतं. फायनल इयर प्रोजेक्ट करायचा असेल तर माझं मत विचाराल तर लिफ्टर सोडा, वजन चाकांवर ठेवून पुढे सरकणारी हलकी गाडी करा, निदान आकडे मोजता तरी येतील.

प्रश्न: मुलगा दहावीला आहे. मंगळवार बाजारातून जुन्या टीव्हीचा काहीतरी ट्रान्सफॉर्मर आणणार म्हणतोय, मित्राकडे मायक्रोवेव्हचा पण आहे म्हणे. नाही म्हटलं तर रुसतो, हो म्हणायला भीती वाटते. — अक्कलकोट रोड

उत्तर: ताई, मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरला सरळ नाही म्हणा, त्यावर चर्चाच नको. तो दोन हजार व्होल्टच्या आसपास देतो, ऐकायला कमी वाटतं, पण त्याच्या मागे शेकडो मिलिअँपिअरची ताकद उभी असते. माणसाला दहा-वीस मिलिअँपिअर गेला की हाताची मूठ उघडत नाही, शंभरच्या आसपास छातीतून गेला की हृदयाची लय बिघडते. त्या ट्रान्सफॉर्मरला चूक सुधारायची दुसरी संधी देणं माहीतच नाही. शिवाय लिफ्टरसाठी तो उपयोगाचाही नाही, दोन हजार व्होल्टमध्ये तीन सेंटिमीटरवर वारा सुटत नाही. नाही म्हणताना हे दुसरं कारण जास्त चालतं असा अनुभव आहे, पोरं भीतीला ऐकत नाहीत, गणिताला ऐकतात.

टीव्हीचा जो भाग तो म्हणतोय त्याला टीव्ही मेकॅनिक एलओटी म्हणतात, तो रंगीत पिक्चर ट्यूबला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास देतो. खरा धोका जुना सेट उघडताना असतो. पिक्चर ट्यूबची काच स्वतःच कपॅसिटरसारखी चार्ज धरून ठेवते, प्लग काढून बराच वेळ गेला तरी. आणि मेन सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट बसलेले असतात. ज्याने आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केलेत अशा माणसाशिवाय दहावीच्या पोराने ते झाकण उघडायचं नाही.

मग त्याला काय द्यायचं? त्याच्या शाळेत किंवा जवळच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये विम्सहर्स्ट मशीन असतं, स्थिर वीज तयार करणारं, दोन चकत्या हाताने फिरवायच्या, बऱ्याच ठिकाणी ते कपाटात धूळ खात पडलेलं असतं. सरांच्या देखरेखीखाली त्याच्या बाजूच्या चार्ज साठवणाऱ्या बरण्या, म्हणजे लायडन जार, सोडवून ठेवायच्या, एका गोळ्याला शिवणकामाची सुई टोक बाहेर करून लावायची आणि तिच्यासमोर चार-पाच सेंटिमीटरवर मेणबत्ती धरायची. चकत्या फिरल्या की ज्योत सुईपासून लांब वाकते, वाकूनच राहते, कधीकधी विझते. सुईच्या टोकातून कोणी फुंकर मारतंय असं वाटतं. हा तोच आयन वारा, आणि लिफ्टरमध्ये जे शिकायचं त्यातलं निम्मं इथेच शिकून होतं. घरीच काही हवं असेल तर बारा व्होल्टवर चालणारं आयनायझर मॉड्यूल मिळतं, पाच-सात हजार व्होल्ट पण करंट मायक्रोअँपिअरमध्ये. थेट 230 व्होल्टला लागणारं घेऊ नका. खिडकी उघडी ठेवायची, कारण कोरोनामधून ओझोन निघतो, झेरॉक्सच्या दुकानात जो उग्र वास यायचा तो. ओझोनसाठी डब्ल्यूएचओने आठ तासांची मर्यादा घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम सांगितलीये, आणि बंद खोलीत वास जाणवायला लागला की उठून बाहेर यायचं हा नियम घरात पाळायला सोपा.

प्रश्न: डिप्लोमा इलेक्ट्रिकल. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसोबत लिफ्टर केलाय, सप्लाय तयार घेतलेला आहे, करंट लिमिट असलेला. पण उडायचं नावच नाही, नुसते टपाटप स्पार्क पडतायत. काय चुकतंय सांगा की. — विजापूर रोड

उत्तर: फोटो पाठवलात ते बरं केलंत, त्यात दिसतंय. फॉइलची वरची धार, जी तारेकडे तोंड करून आहे, ती कात्रीने कापलेली तशीच ठेवलीये. कापलेली धार म्हणजे सूक्ष्म दातांची करवत. प्रत्येक दातापाशी क्षेत्र गोळा होतं, फॉइलमधूनच उलटा कोरोना सुरू होतो, मग तारेकडून येणारे आणि फॉइलकडून निघालेले मधे भेटतात आणि स्पार्कला तयार रस्ता मिळतो. ती धार पेन्सिलवर गुंडाळून गोल करा, किंवा आत बारीक स्ट्रॉ घालून फॉइल त्याच्यावरून मुडपून घ्या. नियम एकच ध्यानात ठेवायचा, जिथून आयन हवेत तिथे टोकदार, बाकी सगळीकडे गुळगुळीत. कोपऱ्यांवर फॉइल दुमडलीये तिथे पण टोकं निघालीत, ती बोटाने दाबून बसवा, सप्लाय बंद करून आणि अर्थिंगची वायर लावलेल्या काठीने शॉर्ट करून मगच, हे सांगायला नको.

दुसरं, तार जाड वाटतेय. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे 40 किंवा 42 गेजची वाइंडिंग तार मागा, 40 म्हणजे 0.12 मिलिमीटर, 42 म्हणजे 0.10. पण त्यावर एनॅमल, म्हणजे इन्सुलेशनचा पातळ थर, असतो, तो खरवडून काढला नाही तर कोरोना तुकड्यातुकड्यात येतो. खरवडताना तार तुटते, तुटू द्या, दुसरी घ्या. तिला कुठेही पीळ किंवा गाठ नको, गाठ पडली की सगळा करंट तिथेच पळणार. अंधारात बघितलं की तारेवर सगळीकडे सारखा उजेड दिसला पाहिजे, एखाद्या ठिकाणी जास्त चमकलं तर तिथलं अंतर कमी झालंय.

काड्यांसाठी अगरबत्तीच्या काड्या वापरल्यात का? रंग तसा दिसतोय. मसाल्यात कोळसा असतो आणि कोळसा करंट नेतो, त्यामुळे तुमच्या वीस हजारातले काही व्होल्ट काडीवरूनच घसरतायत. कार्बन फायबरच्या काड्या तर अजिबात नकोत, लई हलक्या असतात म्हणून पोरं हौसेनं आणतात. बाल्सा, म्हणजे अगदी हलकं लाकूड, मिळाला तर उत्तम, नाहीतर प्लास्टिकचे स्ट्रॉ. जून ते सप्टेंबर लाकडाच्या काड्या ओल धरतात आणि गळती वाढते, सोलापुरात लिफ्टरला डिसेंबर-जानेवारी बेस्ट.

अंतर आधी चार सेंटिमीटर ठेवा, करंट बघत हळूहळू कमी करत आणा, स्पार्क पडायच्या थोडं अलीकडे थांबा. आणि एक शेवटचं, सप्लायच्या आउटपुटला खरंच डीसी आहे ना हे सरांना तपासायला सांगा. एसी असेल तर आयन पुढे-मागे नाचतात, फॉइलपर्यंत पोचतच नाहीत, स्पार्क मात्र भरपूर.

प्रश्न: मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रदर्शनात नुसतं उडवून दाखवण्यापेक्षा मुलांनी जोर मोजावा असं वाटतं. डिजिटल काट्यावर ठेवला तर आकडा वेड्यासारखा उड्या मारतो. — साखर पेठ

उत्तर: बाई, तुमचा काटा बिघडलेला नाही, तो दोन गोष्टी एकदम मोजतोय. एक म्हणजे स्पार्कचा रेडिओ गोंधळ काट्याच्या सर्किटमध्ये शिरतो. दुसरं जास्त फसवं आहे, तार-फॉइल हजारो व्होल्टवर असताना खालच्या धातूच्या ताटलीला ती स्थिर विजेने ओढते, आणि ती ओढ वाऱ्याच्या जोराइतकीच किंवा जास्तही असू शकते. उपाय साधा आणि जुना. लाकडी पट्टीचा तराजू करा, निदान मीटरभर लांब, एका टोकाला लिफ्टर नायलॉनच्या दोऱ्याने टांगलेला, दुसऱ्या टोकाला काचेच्या मण्यांनी वजन. लिफ्टरच्या खाली-वर हातभर कुठलाही धातू नको. मग एकदा लिफ्टर सरळ आणि एकदा उलटा टांगून मोजा. उलटल्यावर जे बदलतं ते वाऱ्याचं, जे तसंच राहतं ते ओढीचं. मुलांना ही वजाबाकी करायला लावा, मला विचाराल तर उडणाऱ्या लिफ्टरपेक्षा परीक्षकांनी हीच बघायला हवी.

करंट मोजायला मीटर हाय व्होल्टेजच्या बाजूला कधीच लावायचा नाही, फॉइलवरून अर्थिंगला जाणाऱ्या वायरमध्ये लावायचा. हजार ओहमचा एक रेझिस्टर कायमचा सोल्डर करून टाका, त्याच्या समांतर तेवढाच दुसरा, म्हणजे एक निघाला तरी अर्थिंग तुटत नाही. दोन्ही मिळून 500 ओहम झाले, अर्धा व्होल्ट दिसला तर एक मिलिअँपिअर. मीटर आधीच जोडून ठेवायचा, चालू असताना हात लावायचा नाही. आणि अर्थिंग खरं आहे ना हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकून कोरडाठाक होतो, पाणी घातल्याशिवाय तो फक्त नावाला असतो, आणि बऱ्याच जुन्या शाळांमध्ये तिसऱ्या पिनेची वायर कुठेच जात नाही.

प्रश्न: इस्रोच्या उपग्रहात पण आयन इंजिन असतं म्हणे. ते हेच का? — निवृत्त पोस्टमन, बाळे

उत्तर: चुलतभाऊ म्हणा हवं तर, पण एक नाही. उपग्रहावर हवा नसते, त्यामुळे ढकलायचं सामान सोबत न्यावं लागतं, बहुतेक वेळा झेनॉन वायू. त्याचे आयन करून वेगाने मागे फेकायचे, ते कुणाला धक्का देत नाहीत, स्वतःच बाहेर जातात. नासाचं डॉन यान 2007 मध्ये निघालं आणि अशाच इंजिनावर व्हेस्टा आणि सेरेस अशा दोन ठिकाणी जाऊन पोचलं, आपल्याकडे 2017 च्या मे महिन्यात गेलेल्या जीसॅट-9 वर विजेवर चालणारं प्रोपल्शन होतं. लिफ्टरला हवा लागते, झेनॉन इंजिनाला हवा नकोच असते.

प्रश्न: आमचा टॉवेलचा कारखाना आहे, शेडमध्ये कापसाची बारीक फुलकी सतत उडते, कामगारांना खोकला. या आयनच्या वाऱ्याने धूळ खेचून घेता येईल का? एनटीपीसीत असंच काही असतं असं ऐकलंय. — एमआयडीसी

उत्तर: बरोबर ऐकलंय. फताटेवाडीजवळच्या एनटीपीसीच्या प्लांटमध्ये 660 मेगावॅटचे दोन युनिट आहेत, आणि कोळशावरच्या अशा प्लांटच्या चिमणीआधी इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर असतात, सगळे त्यांना ईएसपी म्हणतात. उंच पत्र्यांच्या रांगा, मधे टांगलेले कोरोनाचे इलेक्ट्रोड उणे पन्नास-साठ हजार व्होल्टवर, राखेचा कण आयन चिकटून चार्ज होतो आणि पत्र्यावर जाऊन बसतो, मग हातोडे पत्र्याला ठोकतात आणि राख खाली हॉपरमध्ये पडते. 99 टक्क्यांच्या वर राख अशी अडवली जाते. तिथे इलेक्ट्रोड निगेटिव्ह ठेवतात कारण स्पार्क पडायच्या आधी जास्त व्होल्टेज चढवता येतं, घरातल्या एअर प्युरिफायरमध्ये बऱ्याचदा पॉझिटिव्ह ठेवतात कारण ओझोन कमी निघतो.

हीच वीज गावाजवळून दुसऱ्या रूपात पण जाते. रायचूर-सोलापूर 765 केव्ही लाइन 2013 च्या 31 डिसेंबरला चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाच्या ग्रिडशी एकाच लयीत जोडलं गेलं. तिच्या प्रत्येक फेजला एकाऐवजी अनेक तारांचा जुडगा असतो, तो मुद्दाम तार जाड भासावी आणि कोरोना होऊ नये म्हणून. लिफ्टरवाल्यांना जो कोरोना हवा असतो तो लाइनवाल्यांना नको असतो, आणि पावसात अशा लाइनखाली चरचर ऐकू येते ती तारेवरच्या थेंबांमुळे तो थोडा होतोच म्हणून.

पण तुमच्या शेडमध्ये नको. राख जळत नाही, फुलकी जळते. ईएसपीमध्ये अधूनमधून स्पार्क पडणं हे नेहमीचंच, आणि कापसाच्या फुलकीत एक स्पार्क म्हणजे आग. शिवाय सूत तुटू नये म्हणून तुम्ही शेडमध्ये 70-80 टक्क्यांच्या आसपास ओलावा ठेवत असणार, त्या ओलीत आणि वर चिकटलेल्या तंतूंमधून हाय व्होल्टेज इन्सुलेटरवरून गळत राहील. ओझोनचा त्रास कामगारांना खोकल्याच्या वर वेगळा. मागांच्या वरून फिरणारा ओव्हरहेड क्लीनर, खाली खेचून घेणारा सक्शन आणि पाण्याच्या फवाऱ्यातून हवा फिरवणारा प्लांट, हे तिन्ही महाग वाटले तरी त्याच रस्त्याने जा, आणि तोपर्यंत फुलकी झाडताना कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणं आधी बंद करा, निम्मी फुलकी तिथूनच नाकात जाते.